रंगाची हमी

मोठीने तिसरा सदरा पलंगावर आपटला आणि कमरेवर हात ठेवले. या नवऱ्याने तिचा जीव खाल्ला होता. पहिला सदरा दिला तर म्हणे, हा निळाच ना, राखाडी नाही ना? निळाच होता. दुसरा दिला तर खिडकीपाशी नेऊन बाही उजेडात धरली, उलटीपालटी केली आणि विचारलं, पांढरा आहे की पिवळट पडलाय? सकाळी चहाचंही हेच. दूध जास्त झालंय की मलाच फिका दिसतोय? काल तर भाजीला म्हणून गेला आणि रिकामी पिशवी हलवत परत आला. टोमॅटो पिकलेत की नाहीत हे त्याला ठरवता येईना.

"आता मी तुमच्यामागे रंग सांगत फिरू का?" ती म्हणाली. "दूध पांढरं, कावळा काळा, रक्त लाल. झालं? पाठ करून ठेवा."

पारखी हसला नाही. तिची खरी तक्रार हीच होती. लग्न झाल्यापासून ती फटकन बोलायची आणि तो हसायचा. तोंडातून आवाज नाही, नुसते खांदे हलायचे. त्या खांद्यांच्या जोरावर तर तिने एवढी वर्षं जिभेला धार ठेवली होती. आणि गेल्या आठवड्यापासून ते खांदे खुंटीवर टांगलेल्या कोटासारखे गप्प होते.

त्याने निळा सदरा उचलला, क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि घातला. बटणं एक घर चुकली. तिने ती काढून पुन्हा लावली. तोंडाने मात्र तिचं चालूच होतं.

त्याला सगळे पारखी म्हणत, कारण त्याने जन्मभर तेच केलं. जुनी नाणी पारखून देणारी एक पेढी होती. माणसं आपलं नाणं तिथे पाठवत. पेढीतले लोक ते खरं की खोटं, किती झिजलंय, हे ठरवत आणि मग पारदर्शक डबीत कायमचं बंद करून देत. डबीत नाण्यासोबत एक चिठ्ठी असे, आणि चिठ्ठीवर जे लिहिलं त्याची हमी पेढीची. उद्या कुणी म्हणालं की हे चुकीचं आहे, तर पेढी भरपाई करून देणार. सोन्याचांदीचं काम कुणीही करायचं. तांबं मात्र पारख्याकडेच यायचं. कारण तांबं लहरी. टांकसाळीतून निघतं तेव्हा नव्या नवरीसारखं लालबुंद असतं, आणि मग वारा लागतो, हात लागतो, आणि ते तपकिरी पडत जातं. जे लाल राहिलं त्याच्यासाठी हौशी लोक जीव टाकतात. तेव्हा चिठ्ठीवर लाल लिहायचं, की लाल-तपकिरी, की नुसतं तपकिरी, हे पारख्याने ठरवायचं. त्याने लाल म्हटलं की ते लाल. त्यावर मालकही दुसऱ्यांदा पाहत नसत.

मोठीला याचा काय अभिमान होता. ती शाळेत गेली होती ती दोन पावसाळे, तेही छप्पर गळायला लागलं म्हणून सुटलं. पण नातेवाइकांत कुणी आपल्या जावयाच्या पगाराचं काढलं की ती म्हणायची, आमच्यांनी लाल म्हटलं की जग लाल म्हणतं. बोला आता.

आणि मग गेल्या आठवड्यात धाकट्या मालकाचा निरोप आला. पेढीने तांब्याच्या रंगाची हमी बंद करायचं ठरवलं होतं. नाणं खरं आहे, एवढं झिजलेलं आहे, याची हमी राहील, रंगाची नाही. तांबं डबीतसुद्धा बदलतं, आम्ही वाऱ्याची हमी कशी देणार, असं लोकांना कळवलं. जुन्या गिऱ्हाइकांना भरपाई मागायला थोडी मुदत दिली, तर डब्याच डब्या परत यायला लागल्या. चिठ्ठीवर लाल, आणि पुष्कळांच्या आत नाणं तपकिरी. मालकाने निवृत्त झालेल्या पारख्याला मानाने बोलावलं, जरा नजर टाकता का म्हणून. तो इस्त्रीचे कपडे घालून गेला. परत आला तो हा असा.

त्याने काय पाहिलं ते त्याने तिला एकदाच सांगितलं, चपला न काढता, दारातच उभं राहून. टेबलावर सगळ्या डब्या होत्या. त्याने त्या सालाप्रमाणे लावल्या, सवयीने. तांबं आपलं आपण बदललं असतं तर सगळ्यांत जुन्या डब्यांतली नाणी सगळ्यांत जास्त तपकिरी दिसायला हवी होती. झालं होतं उलटं. त्याने तरुणपणी लाल म्हटलेली नाणी अजून लालच होती. पुढेपुढे रंग उतरत गेला होता, आणि निवृत्तीच्या आधीची तर सुपारीच्या तुकड्यासारखी होती.

"म्हणजे ती बंद केली तेव्हाच तपकिरी होती," तो म्हणाला होता. "मी त्यांना लाल म्हटलं."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिनेच नेलं त्याला, हाताला धरून. डॉक्टरने रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली, त्यातले आकडे ओळखायला लावले. पारख्याने सगळे ओळखले. डॉक्टर म्हणाले, या वयाला असे डोळे नशिबाने मिळतात. बाहेर आल्यावर मोठी म्हणाली, ऐकलंत? तर हा म्हणतो, ठिपक्यांचं ठीक आहे, डॉक्टरला तांब्यातलं काय कळतंय.

आणि आता उद्याचा बेत. उद्या तो पेढीत जाऊन मालकाला सांगणार होता, माझ्या हातचं सगळं तांबं रद्द समजा. ज्या ज्या चिठ्ठीवर माझी खूण आहे तिच्यावर विश्वास ठेवू नका. सगळंच. लाल राहिलेलीसुद्धा. आंधळ्याने चुकून बरोबर सांगितलं तर ती काही पारख होत नाही, असं त्याचं म्हणणं. जन्मभराचं काम हा माणूस स्वतःच्या हाताने पुसायला निघाला होता, आणि ते पुसलं की मागे जे उरणार होतं ते भाजीची रिकामी पिशवी घेऊन दारात उभं राहणार होतं.

एक गोष्ट मात्र तिच्या डोक्यात अडकून बसली होती. पारखी डोळ्यावर भरवसा ठेवून कधीच रंग सांगत नसे. डोळा आज एक सांगतो, उद्या दुसरं, असं तोच म्हणायचा. त्याच्याकडे एक नमुना होता, टांकसाळीतून आल्या दिवशी होतं तसंच्या तसं लाल राहिलेलं एक नाणं. आलेलं प्रत्येक तांबं त्याच्या शेजारी ठेवायचं आणि ताडून पाहायचं. त्याच्याइतकं असेल तर लाल, कमी असेल तर नाही. मग नमुना काय म्हणतो आता? तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, पेढीतच होता माझ्या जुन्या खणात, पण सूनबाई म्हणाली, सापडत नाही.

सूनबाई आता त्याच्याच जागेवर बसायची. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी असे. घरात ही तिघं. सासू-सुनेचं भांडण नव्हतं, पण गोडीही नव्हती. मोठीच्या मते ही मुलगी शब्द असे मोजून काढायची जसा प्रत्येक शब्द भाड्याने आणलाय. पण एक गुण होता, तो मोठीही नाकारत नव्हती. तिच्या हातून वस्तू हरवत नसे. घरातली सुई कुठे आहे ते विचारावं तर खोली सांगायची, खण सांगायची, कोपरा सांगायची. आणि हिला नमुना सापडत नाही?

संध्याकाळी सूनबाई पेढीतून आली, हातपाय धुतले आणि भाजी चिरायला बसली. मोठी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पारखी मागच्या व्हरांड्यात होता, तिथून आवाज जात नसे.

"तुझ्याकडून कधी चमचा हरवला नाही," मोठी म्हणाली. "नाणं कसं हरवलं?"

सुरी थांबली. सूनबाईने चिरलेलं सगळं एका बाजूला सारलं, पदराला हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"हरवलं नाही, आई."

"मग?"

ती उठली, खुंटीवरची पर्स काढली आणि आतल्या कप्प्यातून एक पिशवी काढून ओट्यावर ठेवली. बाबा खण शोधायला लागले त्याआधीच उचलून घेतलं होतं, एवढंच तिने सांगितलं.

मोठीला आधी पिशवी दिसली आणि तिचा चेहरा जरा खुलला. तिनेच शिवलेली होती. मऊ लोकरीची, बोटभर लांब, तोंडाला नाडी. तिने ती उचलून शिवण पाहिली.

"बघ," ती म्हणाली. "अजून एक टाका सुटला नाही."

सूनबाईने खिडकीकडे तोंड केलं.

मोठीने नाडी सैल केली. तळहातावर नाणं आलं ते चहाच्या चोथ्याच्या रंगाचं. तिने ते दिव्याखाली धरलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. दुसरी बाजूही तीच. तिला वाचता येत होतं ते जेमतेम, पण लाल आणि तपकिरी यांत काय फरक असतो ते कळायला शाळा लागत नाही.

"हा नमुना?"

"हो."

"याच्याशी ताडून ते लाल म्हणत होते?"

सूनबाईने मान डोलावली. मग, तिच्या मानाने, ती पुष्कळ बोलली. नमुना एका दिवसात असा झाला नव्हता. इतका हळूहळू पडला की रोज पाहणाऱ्याला कळलंच नसतं. नमुना थोडा उतरला की त्याच्याशी जुळणारं थोडं उतरलेलं नाणं लाल ठरलं, पुढच्या वर्षी आणखी थोडं. बाबांचे डोळे चोख होते. ते बरोबर ताडत होते. ज्याच्याशी ताडत होते तेच घसरत होतं. ती त्यांच्या जागेवर आली तेव्हा नमुना बिघडलाय हे तिने पाहिलं होतं आणि दुसरा घेतला होता. पण तो किती मागपासून बिघडलाय हे तिला या डब्या परत आल्यावर कळलं.

"मग सांग की त्यांना," मोठी म्हणाली. तिच्या छातीवरचा दगड उतरत होता. "आठवडाभर माणूस झुरतोय आणि तू पर्समध्ये घालून हिंडतेस? नमुना बिघडला. त्यांचा काय दोष? बिघडला कशाने?"

सूनबाईने सुरी पुसून बाजूला ठेवली.

"अगं, बिघडला कशाने?"

"लोकर, आई," ती अगदी हळू म्हणाली. "लोकरीत गंधक असतं. तांब्याला ते चालत नाही."

मोठीने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग ती पाटावर बसली.

पेढीत त्याला लागून काही वर्षं झाली होती तेव्हा ती एकदा डबा द्यायला गेली होती. तिथे थोरल्या मालकांची बायको बसली होती, भारीतली साडी, भारीतला वास. आणि हा माणूस त्यांच्यासमोर आपला नमुना काढत होता, कशातून? घडी घातलेल्या कागदातून. किराण्याच्या दुकानात हळद बांधून देतात तशी पुडी. मोठीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा मोठा पारखी आणि सगळी मदार ज्याच्यावर ते पुडीत? घरी येऊन तिने आईने दिलेल्या शालीचा काठ कापला आणि पिशवी शिवली. तो एवढंच म्हणाला होता, अगं, कागद बरा असतो. आणि ती म्हणाली होती, मग कागदाशीच संसार करा. तो हसला. खांदे हलले. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेला. मग ती झिजली की तिने दुसरी शिवली, ती झिजली की तिसरी, कधी विसरली नाही. प्रत्येक वेळी ताजी लोकर. त्या शालीचा आता हातरुमालाएवढाही तुकडा उरला नव्हता.

पहिल्या वर्षांतली नाणी लाल राहिली होती. तेव्हा पुडी होती.

"मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"बाबा सगळ्यांना दाखवायचे," सूनबाई म्हणाली. "मी नवी होते तेव्हा मलाही दाखवली. नाणं दाखवायच्या आधी पिशवी दाखवली. म्हणाले, हिने शिवलीय."

चिरलेली भाजी तशीच होती. दोघींपैकी कुणी तिला हात लावला नाही. थोड्या वेळाने सूनबाईच म्हणाली की पिशवीचं नाव काढायची गरज नाही. त्या वर्षांत पारख्याच्या टेबलावर पिवळ्या उजेडाचा दिवा होता, आणि पिवळ्या उजेडात तांबं खोटं दिसतं, हे कुणीही मान्य करील. दिव्यावर ढकलून देऊ. बाबांच्या डोळ्यांवरचा आळ जाईल आणि कुणावर काही येणार नाही.

मोठीने सुनेकडे पाहिलं. इतकी वर्षं ती हिला आतल्या गाठीची म्हणत आली होती, शेजारणींपाशी, नणंदेपाशी, एकदा तर हिच्या आईपाशी. तिने हात पुढे करून सुनेच्या पदराला लागलेलं कोथिंबिरीचं पान काढलं आणि नुसतं बोटात धरून ठेवलं. मग नाणं पुन्हा पिशवीत घातलं, पिशवी कमरेला खोचली आणि मागच्या व्हरांड्यात गेली.

पारखी खुर्चीत होता. उद्यासाठी बूट पुसून ठेवले होते, शेजारी ब्रश. उजेड कलला होता. ती समोरच्या पायरीवर बसली.

"ऐकता का," ती म्हणाली. "सूनबाई म्हणत होती, तुमच्या टेबलावर तेव्हा पिवळा दिवा होता."

त्याने मान वर केली. तिला दिसलं, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, खिडकीचा पडदा वाऱ्याने हलावा तसं.

"होता," तो म्हणाला. "पिवळाच होता." तो विचार करत राहिला. मग हललेलं ते परत जागेवर गेलं. "पण तो मीच आणला होता गं. पांढऱ्याने डोळे दुखतात म्हणून. मालक नको म्हणत होते, मी हट्ट केला. म्हणजे तेही माझ्याच माथी. बरं झालं आठवण केलीस. तेही उद्या सांगतो."

मोठीने डोळे मिटले. खोटं बोलायचं तर निदान नीट चौकशी करून बोलावं, एवढंही सुचलं नव्हतं.

तिने कमरेची पिशवी काढली, नाणं बाहेर काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने ते कडेने उचललं, दोन बोटांत, पारखी लोक उचलतात तसं. त्याने ते उजेडाकडे वळवलं. एक बाजू. दुसरी बाजू. मग तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं, आणि परत नाण्याकडे.

"लोकरीने होतं म्हणे," मोठी म्हणाली. "कागदात होता तोवर ठीक होता."

समोरच्या भिंतीवर ऊन होतं ते एक वीट वर सरकलं असेल. त्याला सगळं कळलं होतं. तांब्याचं त्याला सांगावं लागत नसे. ती वाट पाहत राहिली. रागाने बोलेल, निदान एकदा तरी, असं तिला वाटत होतं. त्याने नाणं पिशवीत घातलं, नाडी ओढली आणि ती पिशवी तळहातावर धरून, अंगठ्याने शिवण चाचपत म्हणाला,

"नाही गं. लोकरीने काही होत नाही. लोकांच्या काहीतरी समजुती असतात. हा आधीच बिघडला असेल. माझंच लक्ष नसेल."

खोटं बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला ते येतच नव्हतं.

मोठी उठली. त्याच्या हातातून पिशवी घेतली. सदऱ्याच्या बाहीला बुटाचं पॉलिश लागलं होतं ते तिने अंगठ्याने घासलं. निघालं नाही. तरी ती घासत राहिली.

"उद्या पेढीत कुठेही जायचं नाही," ती म्हणाली. "गेलात तर मी बरोबर येईन आणि मालकासमोर पिशवीचं सांगेन. आणि खोटं बोलायची सवय तुम्हाला कधी नव्हती, ती आता या वयात लावून घेऊ नका. तुमचे डोळे चांगले आहेत, पहिल्यापासून आहेत. चूक तुमची एकच झाली. तुम्ही माझं ऐकलंत."